आईची कॉमेंट

आमच्या तालुक्यातली एक मुलगी स्वतः गाणी लिहून गिटारवर म्हणते. तिचा नवा अल्बम आला तेव्हा मी सुट्टीत घरी होते. गाण्यांखाली कॉमेंटचा पाऊस पडला होता. कोणी 'अप्रतिम' लिहीत होतं, कोणी नुसतेच बदाम पाठवत होतं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीही त्यात होत्या.

मी कांदालावणीचं गाणं लावलं. वाफ्यातून उठताना बाई आधी गुडघ्यावर हात टेकते, असं त्यात आमच्या घरच्याच बोलीत येतं. भाकरी थापणारी आई थांबली.

"परत लाव गं ते."

दुसऱ्यांदा ऐकून म्हणाली, "लिही तिला. पोरी, तू वाफ्यात वाकल्याली हायेस. ऐकूनच कळतंय."

"असंच लिहू?"

"मग कसं? शिकल्याली तू हायेस."

मी लिहिलं, 'आपण स्वतः शेतात काम केले असावे.' वाचून माझी मलाच लाज वाटली. कॉलेजात मी बहुधा रोज हेच करते, घरचं बोलणं पुसून मगच तोंड उघडते. त्या मुलीने मात्र ते पुसलं नव्हतं. तिचं गाणं खरं आहे हे आई सांगू शकत होती. बाकी आम्हा सगळ्यांना ते फक्त आवडलं होतं.

मी ते वाक्य खोडलं आणि आईचे शब्द जसेच्या तसे लिहिले. कॉमेंट माझ्या नावाने गेली. थोड्याच वेळात वर्गातल्या मैत्रिणीचा मेसेज आला, "हे तू लिहिलंस?"

"माझ्या आईने," मी कळवलं. मग तिने विचारलं नसतानाही पुढे लिहिलं, "ती कांदे लावते."