आईच्या बाजूचे टाके

माझ्या मामेबहिणीला मी कधीच माफ केलेलं नाही. तिनं माझं काहीही वाकडं केलं नाही, हाच तिचा सगळ्यात मोठा गुन्हा. भांडायला एखादं कारण दिलं असतं, तर इतकी वर्षं मनातल्या मनात जळत बसावं लागलं नसतं.

मी नववीत होते तेव्हा ती बिलोलीहून आमच्याकडे लातूरला आली, अकरावी-बारावीच्या क्लासेससाठी. आमच्या दोन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. शेजारच्या डाळमिलची धूळ तोंडावर घेतच आम्ही मोठे झालो. तिचा क्लास सकाळी साडेसहाला. ऐन थंडीत आई अंधारात उठून जर्मनच्या भगुल्यात पाणी तापवायची. पहिली बादली तिची, दुसरी वडिलांची. माझी पाळी येईपर्यंत पाण्यातली ऊब गेलेली असायची. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "ती क्लासला चालली. तुझी शाळा बारा वाजता हाय." हे खरं होतं, आणि खऱ्या उत्तराचा मला जास्तच संताप यायचा.

बादलीचं एक वेळ मी सोडून दिलं असतं, पण तिच्याशी बोलताना आई निराळीच व्हायची. आमच्याशी ती कामापुरतं बोलायची: जेवलीस का, दार लाव, पेन्शिली कुठं टाकल्या. तिच्याशी मात्र बिलोलीकडचं, मधेमधे तेलुगू शब्द मिसळलेलं बोलणं सुरू व्हायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी निघून गेली. आई तोंडाला पदर लावून हसायची. त्या हसणाऱ्या बाईला मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले की दोघी गप्प व्हायच्या नाहीत, पण मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. माझ्याच घरात मी पाहुणी झाले होते.

तरी एक जागा माझी उरली होती. दर हिवाळ्यात आई वाकळ शिवायची. जुन्या साड्या धुऊन, एकावर एक थर लावून, दुपारच्या उन्हात गच्चीवर अंथरायच्या. चार कोपऱ्यांवर चार दगड. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, आमच्याकडचा शेतात जाऊन जेवायचा सण. त्या सणाच्या आत वाकळ संपलीच पाहिजे, हा आईचा नेम. कडेपासून टाके घालत मध्यापर्यंत यायचं. आई एका बाजूनं, मी समोरच्या बाजूनं. माझे टाके वाकडेतिकडे पडायचे, आई नंतर ते गुपचूप नीट करायची आणि दोघी मधोमध भेटलो की म्हणायची, "झालं बघ." एरवी वर्षभरात ती मला एवढं जवळ कधीच बसू द्यायची नाही.

त्या वर्षी एका रविवारी मामेबहीण वर आली, सुई हातात घेतली आणि दहा-बारा टाके घालून दाखवले. तांदळाच्या दाण्याएवढे, एका रेषेत. हुबेहूब आईचे. दोघी एकाच घरात शिकलेल्या, माझ्या आजीकडं. आई बघतच राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू दोरा ओवून दे, तिला शिवू दे." मी दोरा ओवून दिला. चार रविवार मी नुसता दोरा ओवत होते. दोघी समोरासमोर बसून माहेरच्या गप्पा मारत होत्या आणि माझं काळीज करपत होतं.

पाचव्या रविवारी दुपारी वाकळ मी एकटीनंच अंथरली. आई खाली तुरीच्या शेंगा उकडत होती, मामेबहीण वही आणायला मैत्रिणीकडं गेली होती. जिन्याकडची बाजू तिची, टाकीकडची आईची, हे मला पाठ होतं. जिन्याकडं बसून मी दातानं गाठी तोडल्या आणि एकेक दोरा ओढून काढला. तीन ओळी सरसर निघाल्या. दोऱ्यांचा गोळा करून शेजारच्या नालीत टाकला. तेव्हा मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

पण गुंडाळलेली वाकळ मी उलट्या तोंडानं उलगडली होती; आईची बाजू जिन्याकडं आली होती. टाके दोघींचे सारखेच, मला फरक कसा कळणार? आई वर आली, आपल्या बाजूचा पदर ओळखून जिन्याकडं बसली आणि सुटलेलं कापड डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मामेबहीण परत आली तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

"गाठीच मारल्या न्हाईत वाटतं मी," आई म्हणाली. "डोळे गेले गं माझे. ध्यानातबी राहिना."

मामेबहीण म्हणाली, "आत्या, असं कसं व्हईल?"

"तुझं बघ, एक टाका हलला न्हाई. घे, तूच संपव."

आईनं सुई तिच्या हातात दिली आणि खाली गेली. मी पुढचा दोरा ओवून दिला. खरं बोलले असते तर आईचे डोळे बरे ठरले असते आणि मी उघडी पडले असते. मी स्वतःला वाचवलं. आईनं त्यानंतर वाकळ शिवली नाही. पुढच्या हिवाळ्यात वडिलांनी बाजारातून ब्लँकेटं आणली.

मामेबहीण आता नांदेडला सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. आई दर थंडीत महिनाभर तिच्याकडं राहते. मी लातुरात, आईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि ती माहेरपणाला जाते भाचीकडं! यंदा तिला आणायला गेले. मामेबहीण ड्युटीवर होती. आम्ही दोघी गॅलरीत ऊन खात बसलो होतो. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तेही भाचीनंच करवून घेतलेलं. आई म्हणाली, "माझे डोळे तवाच बिघडले होते. वाकळ सुटली न्हाई का, तवाच."

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. गाठी, दात, नाली, उलटी अंथरलेली वाकळ. तिचे समजून तुझे टाके काढले, हेही सांगितलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हसली.

"मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस," ती म्हणाली. "तू कशाला उसवशील? लई जीव हाय गं तुझा माझ्यावर."

"आई, खरंच मी..."

"हाव, हाव. कळतंय मला." तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा. खरं पुन्हा एकदा सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.