मागचं चक्र

माझी सून मोटारसायकल चालवते हे कळलं की लोक आधी तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे, जणू तिला किक मारायला मीच शिकवलं. शिकवलं नाही, पण अडवलंही नाही. ज्याला खटकत असेल त्यानं आपलं पाणी आपण डोक्यावरून टेकडीवर न्यावं. कारण टेकडीवरच्या वस्तीला पिण्याचं पाणी पोचवते ती माझी सूनच. गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी जाळ्या बसवल्यात आणि एकेका जाळीत एकेक मोठा जार असतो.

गाडी जुनी, माझ्या मुलानं लग्नाआधी घेतलेली. तो आता बसनं कामाला जातो, म्हणून ती सुनेच्या हाती आली. सपाट रस्त्यावर गुणाची आहे. पण टेकडीच्या चढाला दवाखान्याच्या भिंतीपाशी एक वळण आहे, तिथं दोन जार घेऊन गेली की घरघर करायची आणि बंद पडायची. मग सून एक जार भिंतीशी उतरवायची, एक वर पोचवायची, परत यायची आणि दुसरा न्यायची. पेट्रोल दुप्पट, वेळ दुप्पट, आणि वर उशीर झाला म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी.

पाण्याच्या एजन्सीचा मालक फार गोड बोलतो. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग. त्यानं तिला गोडीगोडीत सांगितलं की ताई, नवी दमदार गाडी घ्या, ओळखीच्या दुकानातून हप्त्यानं मिळवून देतो. जमत नसेल तर सोमवारपासून टेकडी माझ्या मेव्हण्याच्या टेम्पोला. आता टेकडी गेली तर सुनेकडे उरतं काय? खालच्या दोन गल्ल्या, ज्यात पेट्रोलसुद्धा सुटत नाही. शिवाय वरचं एकेक घर तिनं स्वतः दारं ठोठावून जोडलेलं. ती कामाला होती तो पिशव्या शिवायचा कारखाना बंद पडला तेव्हा घरी बसून रडली नाही, चढ चढून फिरली होती. आणि हा म्हणतो मेव्हणा!

त्या दिवशी आमच्याकडे भांड्यांचे आवाज जरा जास्तच झाले. मुलगा म्हणाला, घेऊन टाकू नवी गाडी. सून म्हणाली, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत मी पाणी वाहायचं ते मालकाच्या ओळखीच्या दुकानासाठी. मला पटलं. मी मुलाला म्हटलं, तू जेव गप.

कोपऱ्यावर एक गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. घासाघीस करायची असेल तिथं मी जातेच, म्हणून आम्ही दोघी गेलो. उस्तादनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि औषधांची यादी सुरू केली. नवा सायलेन्सर, मोठा कार्ब्युरेटर, उघडा एअर फिल्टर, आणि हौस असेल तर इंजिन उघडून सिलिंडरच मोठा करू. गाडी वाघ होईल म्हणाला. सून एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारत होती, यानं भरलेले दोन जार त्या वळणावरून वर जातील का? माणूस खोटं बोलला नाही, हे मी मान्य करते. सायलेन्सरनं मुख्यतः आवाज भारी येतो, असं त्यानंच कबूल केलं. मी म्हटलं, आवाज काय करायचाय, पाणी गाणी ऐकत वर जातंय का? सिलिंडरनं फरक पडला असता, पण त्याचा खर्च एवढा की तेवढ्यात तसली अर्धी जुनी गाडी आली असती.

सुनेचं लक्ष मात्र मागच्या चाकाकडे. चाकाला जे दातेरी चक्र असतं, ज्यावरून चेन फिरते, त्याकडे ती टक लावून बघत होती. कारखान्यात जाड कापडाचं काम आलं की मशीन अडायची, तेव्हा मोटरची पट्टा फिरवणारी पुली काढून लहान बसवायचे. मशीन हळू चालायची, पण काहीही दिलं तरी शिवायची. तिनं विचारलं, हे चक्र जास्त दातांचं बसवलं तर?

उस्तादनं डोकं खाजवलं. चढेल, म्हणाला, पण पळायची नाही. लोक गाडी पळवायला पैसे घालतात, तुम्ही हळू करायला घालताय.

"मला पळायचं नाही," सून म्हणाली. "मला चढायचंय."

चक्र आणि त्याला पुरेल अशी लांब चेन, एवढाच खर्च निघाला. मजुरी वेगळी, आणि उस्तादला पुढच्या आठवड्यापर्यंत वेळ नव्हता. मग सुनेनं मनातल्या मनात हिशेब केला. नट खोलायचे पाने विकत घेतले तर मजुरीएवढेच पैसे जातात, पण मजुरी एकदा दिली की गेली, पाने घरात राहतात. पाने घेतले.

रविवारी सकाळी दारासमोर गाडी उभी केली, चाक काढलं आणि अख्खा शेजार गोळा झाला. घरात नळ गळला तर ज्यांना पाना कुठून धरायचा कळत नाही, तेसुद्धा सल्ला द्यायला आले. एकजण म्हणाला, चाक उलटं बसेल. दुसऱ्याला काळजी पडली की मुलगा हे सगळं कसा चालवून घेतो. मी दारात खुर्ची टाकली, नटबोल्टांची थाळी मांडीवर घेतली आणि सांगितलं, एक जरी नट कमी भरला तर एकेकाचे खिसे तपासीन. गर्दी जरा मागे सरकली.

जुनं चक्र निघालं, नवं बसलं, चेन चढली. आता चेन ओढायची. इतकी वर्षं मशीनच्या पट्ट्याशी खेळलेले हात तिचे. पट्टा ढिला राहिला की घसरतो, म्हणून तो ताणूनच बसवायचा, हे त्या हातांना पाठ. तिनं चेन अशी करकचून ताणली की बोटानं टिचकी मारली तरी हलेना. सून खूश, मीही खूश. दुपारी दोन जार भरून गाडी निघाली.

आणि थोड्याच वेळात परत आली. चढाच्या सुरुवातीलाच चेन रडायला लागली म्हणे, चाक धक्के देऊ लागलं, कुणी मागून ओढून धरल्यासारखी गाडी जड झाली. तुटायच्या आत तिनं वळवली. ज्यांना ज्यांना आधीच माहीत होतं ते सगळे पुन्हा गोळा झाले. मुलगा हळूच म्हणाला, राहू दे, सकाळी मी मालकाशी बोलतो.

"त्याच्याशी बोलायचं तर मी बोलेन," सून म्हणाली, "आणि गाडीवर बसून बोलेन."

मला वाटलं उठावं आणि त्या गर्दीच्या तोंडावर थाळी आपटावी. सून मात्र चाकापाशी फतकल मारून बसली होती. जार उतरवले, चेन चाचपली. सीटवर हातानं जोर दिला, पुन्हा चाचपली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, आई, जरा गाडीवर बसता का? जारांपेक्षा तुम्ही... आणि मध्येच थांबली.

मी म्हटलं, बोल पुढे, लाजतेस कशाला, मी माझ्या घरचं खाऊन जाड झालेय. आणि बसले. जन्मात पहिल्यांदा मोटारसायकलवर, तेही स्टँडवरून उतरवलेल्या, मुलानं पुढून धरलेल्या. मी टेकले तशी गाडी खाली दबली आणि चेन ताठ झाली. मशीनच्या पुल्या जागच्या हलत नाहीत. हिचं चाक वजनानं वरखाली होतं, आणि वजन पडलं की चेन आणखी ओढली जाते. म्हणजे तिला आधीच सैल ठेवायला हवी होती. मी चढायची, ती बघायची, मी उतरायची, ती बोल्ट सोडायची. शेजाऱ्यांना एवढी करमणूक सिनेमाला पैसे देऊनही मिळाली नसती. शेवटी मी वर बसलेली असतानाही चेन बोटानं थोडी खालीवर व्हायला लागली, तेव्हा सुनेनं बोल्ट आवळले.

सोमवारी सकाळी एजन्सीपाशी टेम्पो उभा होता. मेव्हणा जार चढवत होता आणि मालक दारात चहा पीत होता. सून थांबली नाही. जारांऐवजी मला मागे बसवून ती सरळ त्याच्यासमोरून चढाला लागली. मी तिची कंबर घट्ट धरली. एक फटफटी आवाज करत आम्हाला मागे टाकून गेली, गेली तर गेली. दवाखान्याचं वळण आलं. मी म्हटलं, थांबलीस तर मी उतरून ढकलते. गाडी डुगडुगत, न थांबता, एका लयीत त्या वळणावरून वर गेली. वर जाऊन आम्ही गाडी वळवली आणि खाली आलो.

मालकाचा चहा हातातच राहिला होता. त्यानं सुनेला सोडून मला विचारलं, काकू, उस्तादकडून करून घेतलंत वाटतं?

मी खाली न उतरता सुनेचा हात ओढला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला. नखांत काळं वंगण अजून तसंच होतं.

"हिनं केलंय," मी म्हटलं. "आणि माझं वजन तुमच्या दोन जारांहून जास्त आहे. काटा आणा, उभी राहते."

मेव्हण्याचा हात थांबला. मालक मेव्हण्याला म्हणाला, टेकडीचे जार उतरव. मला अजून बरंच बोलायचं होतं, तोंडाशी आलं होतं. पण सुनेनं गाडी स्टँडला लावली आणि माझ्या दंडाला हात दिला.

"आई, उतरा आता," ती म्हणाली. "जार चढवायचेत."