खिडकीवर एकच नाव

राजाभाऊ खळदकर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते घोड्यासकट. ह्यांची बदली चंदीगडला होऊन महिनाही झाला नव्हता. सेक्टर बाविसातल्या सरकारी क्वार्टरच्या मागे माझी मेथी नुकती कुठे वर आली होती, आणि फाटकाशी एक रापलेला, खाकी स्वेटर घातलेला माणूस लगाम धरून उभा. "महाराष्ट्र मंडळात कळलं, मिरजेची मानसं आल्यात म्हनून. म्हनलं, जरा मराठी ऐकून यावं," तो म्हणाला. तो मराठी ऐकत होता तेवढ्यात घोड्याने मेथीचा वाफा साफ केला. मी तोंडाला येईल ते बोलले. पुढच्या रविवारी त्यांनी लिदीचं पोतं आणून टाकलं. त्या खतावर मेथी अशी तरारली की माझं भांडण तिथंच मिटलं.

राजाभाऊ सासवडकडचे. सगळी नोकरी लष्कराच्या घोडेखात्यात गेली. खेचरं घेऊन बर्फात राहिले, पोरं झाली नाहीत, बायको लवकर गेली, आणि पेन्शन मिळाली तेव्हा गावात भावांनी घराची वाटणी आधीच उरकून टाकलेली होती. मग ते इथंच राहिले. चंदीगडबाहेर खरड गावाच्या रस्त्याला तेव्हा एक लहानसा रेस क्लब होता. लष्करातल्या काही हौशी निवृत्त अधिकाऱ्यांनी काढलेला. मुंबई-पुण्याचं रेसकोर्स ज्यांनी पाहिलं असेल त्यांना तो बघून हसू आलं असतं. लाकडी कठडा, पत्र्याचा एक स्टँड, चहाची टपरी, आणि थंडीच्या दिवसांत दर रविवारी दुपारी पाच-सहा शर्यती. राजाभाऊ तिथल्या तबेल्याचे मुकादम झाले. मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारी माणसं त्यांच्या हाताखाली होती.

मला रेस हा प्रकार जुगार म्हणूनच माहीत होता, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते चिडले नाहीत. "वैनी, तो जुगार हाय म्हनून माझी घोडी हरभरा खात्यात," म्हणाले. मग त्यांनी मला टोट समजावून सांगितला. टोट म्हणजे क्लबच्या खिडकीवर तिकीट काढून पैज लावायची. सगळ्यांचे पैसे एका पिशवीत पडतात. पिशवीतून आधी सरकार आपला कर काढून घेतं, मग क्लब आपला वाटा, आणि उरलं ते जिंकलेल्यांत वाटतात. क्लबच्या त्या वाट्यातून बक्षिसं, दाणा, नाल, डॉक्टर, मोतद्दारांचे पगार. दुसरीकडून एक पैसा येत नसे. ते स्वतः मात्र कधी तिकीट काढत नसत. ज्याने घोड्याला हात लावला त्याने खिडकीला हात लावायचा नाही, असा तबेल्याचा दंडक होता आणि राजाभाऊंनी तो देवाच्या नियमासारखा पाळला.

तबेल्यात नीरा जन्मली तेव्हा राजाभाऊ तीन दिवस आमच्या घरी फिरकले नाहीत. आले ते दाढी वाढलेले आणि हसत. घोडी क्लबच्याच मालकीची, पण नाव राजाभाऊंनी दिलं, आपल्याकडच्या नदीचं. राखाडी रंगाची, लांब मानेची, आणि विलक्षण भित्री. कुठे पत्रा वाजला तरी थरथरायची. पण पळायला लागली की भीतीच तिला पुढे नेते असं वाटायचं. राजाभाऊंचा तिच्यावर जीव होता. आमच्या मुलीला, वंदनाला, ते साखरेचा खडा देत तेव्हा दुसरा खडा खिशात जाई, तो कुणासाठी हे विचारावं लागत नसे.

मग कर वाढायला लागला. एकदा वाढला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. श्रीमंतांचा शौक आहे, द्या म्हणावं, असं हेसुद्धा पेपर वाचताना म्हणाले. दुसऱ्यांदा वाढला तेव्हा पिशवीतून जिंकणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम चांगलीच आटली. आणि पंजाबी माणूस काही मूर्ख नाही. रस्त्यापलीकडे एक ढाबा होता. तिथे बाजेवर बसून गुळगुळीत दाढी केलेला एक इसम पैजा घेऊ लागला. तो कर भरत नव्हता, घोडा पाळत नव्हता, दाण्याचं त्याला काही पडलेलं नव्हतं, त्यामुळे तो खिडकीपेक्षा जास्त पैसे देऊ शकत होता. लोक क्लबच्या कठड्याला टेकून शर्यत बघायचे आणि पैज ढाब्यावर लावायचे. स्टँड भरलेला दिसे आणि खिडकीवरचा माणूस जांभया देत बसे.

क्लबने काय करावं? आपला वाटा वाढवला. म्हणजे जिंकणाऱ्याला आणखी कमी. म्हणजे आणखी माणसं ढाब्यावर. बक्षिसं घटली तसे बाहेरचे मालक आपले घोडे काढून मुंबईला, कलकत्त्याला नेऊ लागले. जिथे दहा घोडे सुटायचे तिथे चार सुटू लागले, आणि चार घोड्यांची शर्यत बघायला कोण येतो? मी हे सगळं दर थंडीत पाहत होते. दर वर्षी तबेल्यातली आणखी दोन-चार दारं बंद दिसायची. एका रविवारी कठड्याबाहेर मोजणीच्या साखळ्या घेतलेली माणसं उभी होती. शेजारी नव्याने वसणाऱ्या मोहालीचे प्लॉट तोवर बरेच पुढे सरकले होते. ती माणसं शर्यत बघत नव्हती, ती जमीन बघत होती. मला ते अजिबात आवडलं नाही, आणि राजाभाऊंनाही नाही, कारण त्या दिवशी चहा न घेताच ते घरी गेले.

एकोणऐंशीच्या थंडीत क्लबचे सेक्रेटरी मेजर रघुवीरसिंग यांनी तबेल्यात येऊन स्पष्टच सांगितलं. हंगामाच्या शेवटच्या रविवारी खिडकीवर बरा गल्ला झाला, तर कर्ज दिलेली बँक आणखी एक वर्ष थांबेल. नाहीतर घोडे विकायचे आणि जमीन परत करायची. घोडे कोण घेणार हे सांगायची गरज नव्हती. वीटभट्टीवाले आणि टांगेवाले आधीच चौकशी करून गेले होते.

राजाभाऊ त्या आठवड्यात चंदीगडभर फिरले. आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेला माणूस दारोदार जाऊन सांगू लागला, "रविवारी या, ढाब्यावर न्हाई, खिडकीवर तिकीट काढा." महाराष्ट्र मंडळात आले, हवाई दलाच्या वसाहतीत गेले, इंडस्ट्रियल एरियातल्या ओळखीच्या लोहारांकडे गेले. कुणी विचारलं, कुठल्या घोड्यावर लावू, तर त्यांचा चेहरा उजळायचा. "कुनावर म्हंजे? नीरावर लावा की. पैसे बुडायचे न्हाईत तुमचे." मंडळातल्या शशिकलाबाईंनी तर भिशीचे पैसे लावायचं ठरवलं. मी लावले नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही, ह्यांनी दिलेच नाहीत.

रविवारी ऊन पडलं होतं, धुकं लवकर विरलं, आणि खिडकीपुढे मी कधी पाहिली नव्हती एवढी रांग. मराठी, पंजाबी, फौजी, सगळे. बायका स्वेटरवर ठेवणीतल्या शाली घेऊन आलेल्या. राजाभाऊ लांबून ती रांग बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

शेवटची शर्यत नीराची. तिच्याबरोबर तीनच घोडे, तेही थकलेले. आम्ही घोड्यांना खोगीर चढवतात त्या कुंपणाशी उभे होतो. हे समोरच्या फळ्याकडे बघत होते. कुठल्या घोड्यावर किती पैसे लागले ते त्या फळ्यावर लिहीत. हे हिशेबखात्यातले, आकडे दिसले की ओठ हलतात. अचानक ओठ थांबले.

"शालिनी," ते हळूच म्हणाले, "सगळ्यांनी नीरावरच लावलेत."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं! शंभरातले नव्वद रुपये तिच्यावर आहेत. कर आणि क्लबचा वाटा गेल्यावर पिशवीत उरणार सत्तर. ती जिंकली तर नव्वदवाल्यांना सत्तरात भागवायचं कसं? जिंकलेल्याला त्याने लावलेल्याहून कमी देता येत नाही, असा नियमच आहे. वरचे क्लबने घालायचे, स्वतःच्या खिशातून. सरकार काही आपला कर सोडणार नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. एवढी माणसं प्रेमाने आली होती, सगळ्यांनी राजाभाऊंचा शब्द राखला होता, आणि नीरा पहिली आली की त्याच प्रेमाने क्लब बुडणार होता. माणसं जेवढी जास्त आली तेवढा खड्डा मोठा झाला होता. आणि खिडकीवर अजून रांग होती.

मेजरसाहेबांनाही ते दिसलं असावं. ते झपाझप आले, राजाभाऊंना बाजूला घेतलं आणि पंजाबी वळणाच्या हिंदीत दबक्या आवाजात सगळं सांगितलं. आम्ही हाताच्या अंतरावर होतो. राजाभाऊ ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला. मग मेजर थांबले, इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाले, "खळदकर, नीरा का अगला पैर ठीक है ना? सुबह कुछ लंगड़ा तो नहीं रही थी?"

ती सकाळी अजिबात लंगडत नव्हती. प्रश्न पायाचा नव्हताच. राजाभाऊंनी नुसतं 'हो, लंगडत होती' म्हटलं असतं तर डॉक्टरने त्यांच्या शब्दावर सही केली असती, नीरा शर्यतीतून निघाली असती, तिच्यावरची तिकिटं परत झाली असती. गल्ला झाला नसता, पण खड्डाही पडला नसता. बँकेपुढे हात जोडायला काहीतरी उरलं असतं.

राजाभाऊ वाकले. नीराचा पाय उचलून मांडीवर घेतला, अंगठ्याने खुरापासून गुडघ्यापर्यंत दाबत गेले. ती शांत उभी होती, त्यांच्या पाठीवर नाक घासत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हो म्हणा, अहो, एकदा खोटं बोला.

त्यांनी पाय खाली ठेवला. "पैर ठीक है साब," ते म्हणाले. "एकदम ठीक है."

मेजरनी मान हलवली. रागावले नाहीत. मला वाटतं, त्यांनाही दुसरं उत्तर ऐकायला लाज वाटली असती.

नीरा अशी पळाली की बाकीचे तीन घोडे फिरायला आल्यासारखे दिसले. स्टँड नुसता दणाणला. शशिकलाबाई उड्या मारत होत्या. लोकांनी राजाभाऊंना खांद्यावर घेतलं, आणि त्या डोक्यांच्या वर त्यांचा चेहरा, मी तो विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. मयताला आलेल्या माणसाचा चेहरा होता तो. खाली लोक त्यांच्या नावाने ओरडत होते. थोड्या वेळाने खिडकीवर कुरकुर सुरू झाली. दहा रुपयाला परत दहाच रुपये? एवढ्यासाठी आलो होतो? काहीजणांनी तिथंच क्लबला चोर म्हटलं. ढाब्यावरच्या इसमाकडे त्या दिवशी गिऱ्हाईकच नव्हतं, तो बाज उचलून आत गेला.

होळीच्या आत सगळं संपलं. घोडे एकेक करून गेले. स्टँडचा पत्रा उतरवला, आणि जमिनीवर प्लॉटच्या चुन्याच्या रेघा पडल्या. ह्यांनी एकदाच राजाभाऊंना विचारलं, मला ते विचारायला नको होतं असं वाटलं, "त्या दिवशी हो का नाही म्हणालात?"

"लंगडी म्हनून नाव लागलं असतं तिच्या पायाला," ते म्हणाले. "आन् पाय तर चांगला व्हता, साहेब."

नीराला एका बँडवाल्याने घेतलं. इथे लग्नात नवरदेव घोडीवर बसून मिरवत जातो, आणि राखाडी घोडी वयाबरोबर पांढरी होत जाते, म्हणून तिला भाव आला. दुसऱ्या कुणाला ती अंगाला हात लावू देईना, तेव्हा बँडवाल्याने राजाभाऊंनाही ठेवून घेतलं.

दोन वर्षांनी सेक्टर पस्तिसात ह्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या मुलाची वरात होती. ढोल, बत्त्या, भांगडा, आणि कुणीतरी हवेत बंदूक झाडत होतं. गर्दीच्या मध्ये जरीची झूल घातलेली नीरा उभी होती, पांढरीफटक, डोळे फिरवत, नखशिखांत कापत. बंदुकीच्या प्रत्येक बाराला तिची कातडी थरारत होती. लाल कोट आणि फेटा घातलेले राजाभाऊ तिच्या तोंडाशी होते, तिचं डोकं छातीशी दाबून, दोन्ही हातांनी तिचे कान झाकून. मी गर्दीतून वाट काढत जवळ गेले. त्यांनी मला ओळखलं, पण हात काढले नाहीत.

"राजाभाऊ, अहो, तुम्ही तरी जा गावाकडे आता," मी म्हणाले.

"कसा जाऊ वैनी," ते म्हणाले. "हात काढला तर ती अजून पळंल. आन् इथं पळायला जागा न्हाई."