पेन्सिलीच्या खुणांविषयी एक जाहीर विचारणा

तारखा आधी नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला स्मरणशक्तीचा आसरा घेता येणार नाही. १९८३ साल. गणेश विसर्जनानंतरचा पहिला गुरुवार: कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका रद्दीच्या दुकानात मी एक प्रश्न विचारला. त्यानंतरचा सोमवार: पत्रक निघाले. दसऱ्याच्या आधीचा रविवार, दुपारी दोन ते पहाटे पाच: माझ्या राहत्या घरी ते कृत्य घडले. भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस: प्रकाशकाचे कार्ड आले. जबाबदार व्यक्ती तीन. पत्रकाचा संपादक, रद्दीवाला, आणि मी. तिसऱ्याने आपला दोष लेखी कबूल केलेला आहे. दुसरा आता हयात नाही, त्याच्याविरुद्ध माझे म्हणणे संपले. पहिला हयात आहे, सुस्थितीत आहे आणि गप्प आहे.

ज्या वाचकांना ही हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की प्रकरण चित्रकथांचे आहे. महिन्याला एक निघणाऱ्या, राजाराणीच्या आणि राक्षसांच्या, रंगीत चित्रांच्या मराठी पुस्तिका. हसणाऱ्यांनी इथेच हसून घ्यावे.

मी कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात कारकून होतो. माझी पत्नी जयसिंगपूरच्या पलीकडची, घरी कानडी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबातली. चौथीपर्यंत कानडी शाळेत गेलेली. लग्न होऊन आली तेव्हा कानाने मराठी शिकली, पण अक्षर तिला परके होते. एकदा माहेरी जायला म्हणून स्टँडवर गेली आणि पाटी न वाचता आल्याने भलत्याच गाडीत बसून गारगोटीला उतरली. संध्याकाळी परत आली ती तशीच चुलीपुढे बसली. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवरच्या स्टॉलवरून पहिली चित्रकथा आणली. चित्रात कोण बोलतो आहे ते दिसते, रागावला आहे की रडतो आहे तेही दिसते. अक्षराला तेवढाच आधार पुरे, असा माझा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला.

ती हातात पेन्सिल घेऊन वाचायची. अडलेल्या शब्दाखाली बारीक, गोल अक्षरांत कानडी अर्थ लिहायची. पुढे अर्थ लिहायची गरज संपली तरी पेन्सिल सुटली नाही. समासात काहीबाही लिहीत राहायची. मी विचारले की म्हणायची, "त्या राणीला बोललो. तुमाला न्हाय." आठ वर्षांत लोखंडी ट्रंक भरली. पुस्तिकांना क्रमांक घालणे, त्या महिनावार लावणे, अनुक्रमणिका करणे हे काम माझे. वाचन तिचे, दप्तर माझे, अशी आमच्या घरची वाटणी होती.

रद्दीच्या दुकानात रविवारी जुनी पुस्तके शोधणाऱ्यांचा एक कंपू जमत असे. पेठ वडगावहून एक कापडवाला येई, एक शिक्षक, एक बँकेतला रोखपाल आणि मी. मुंबईत जुन्या चित्रकथांना म्हणे वेडे लोक वाटेल ते देतात. कोणी पाहिलेले नव्हते, पण प्रत्येकाला पाहिलेला माणूस माहीत होता. या बोलण्याला पत्रकाने छापील रूप दिले. संपादक एका खासगी कचेरीत टंकलेखक होता. स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून, आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांना तो दर सोमवारी दोन पाने पोचवी. त्यात 'आतली माहिती' असे. पत्रक दुसऱ्याला दाखवू नये, ही वर्गणीची अट. मी वर्गणीदार होतो. शाई न वाळलेले ते पान मी कोर्टात फायलीआड धरून वाचत असे आणि वाचून झाल्यावर मला जागेवर बसवत नसे.

त्या वर्षी पावसाळ्यात दोन महिने नवा अंक आला नाही. त्या गुरुवारी मी दुकानात सहज विचारले, "काय हो, बंद पडले की काय प्रकाशन?"

रद्दीवाला तराजूवरून मान वर न करता म्हणाला, "तुमाला म्हाईत असंल की सायेब. कोर्टात समदं कळतंय न्हवं?"

एवढेच. या एका वाक्याच्या देवघेवीपलीकडे त्या गुरुवारी काहीही घडले नाही.

सोमवारच्या पत्रकात ठळक अक्षरांत होते: न्यायालयीन वर्तुळातील विश्वसनीय सूत्रांकडून कळते की मराठी आवृत्ती कायमची बंद होत आहे. मुंबईचे एक मोठे संग्राहक दसऱ्यानंतरच्या रविवारी कोल्हापुरात येऊन संच पाहणार आहेत. त्याखाली दोन सूचना होत्या. पहिली: प्रकाशकास कोणी पत्र लिहू नये, त्यास सुगावा लागून तो जुन्या प्रती दडवील. दुसरी मी शब्दशः देतो, कारण खटला तिच्यावर उभा आहे: "पेन्सिलीची एकही खूण असलेला संच पाहिला जाणार नाही."

न्यायालयीन वर्तुळ या शब्दांनी माझी छाती फुगली. माझ्याच खात्यातल्या कोणा वरिष्ठाला ही बातमी आधी कळली, असे मी समजलो. पुढच्या रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गारगोटीकडचे दोघे पोते घेऊन आले होते. कापडवाला ओरडत होता, "ओ पावणं, ढकलू नका! मी सकाळपासनं हितं हाय." रोखपाल नेहमी मला चहा पाजत असे, त्या दिवशी त्याने बगलेतला गठ्ठा माझ्यापासून लपवला. आणि मी, पूर्ण संच घरी असलेला बहुधा एकमेव माणूस, घाम पुसत घरी गेलो. महापालिकेपासून एस.टी.च्या डेपो मॅनेजरपर्यंत सर्वांना पत्रे लिहिणारा मी. पंधरा पैशांच्या कार्डाने जो निकाल लागला असता ते कार्ड मी लिहिले नाही, कारण पत्रकाने मनाई केली होती.

पत्नी नवरात्रात माहेरी गेली होती. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी ट्रंक उघडली. मऊ रबर घेतले, एकाच दिशेने हात चालवला, कागद फाटू दिला नाही; जुने कागद हाताळण्याचे सगळे कसब वापरले. दोन ते पाच. पानापानावरची ती गोल अक्षरे गेली. मला कानडी वाचता येत नाही. रेकॉर्ड विभागात शिकवलेला पहिला नियम असा की जो कागद वाचता येत नाही तो आधी दुभाष्याकडे जातो. त्यात काय आहे हे समजल्याशिवाय त्याला हात लागत नाही. त्या नियमाखाली मी अठरा वर्षे पगार घेतला होता. रबराचा चुरा मी सुपलीत भरून बाहेर टाकला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मुंबईचा कोणीही आला नाही. आम्ही अकरा जण दुकानापुढे इस्त्रीचे कपडे घालून गठ्ठे धरून उभे होतो. दुपारी शिक्षक म्हणाला, "गाडी चुकली असंल." संध्याकाळी एकेक जण दुसऱ्याची नजर चुकवून गेला.

मंगळवारी पत्नी परतली. दिवेलागणीला नेहमीसारखी एक चित्रकथा काढून बसली. एक पान उलटले, दुसरे उलटले. मग ट्रंकेतल्या पुस्तिका एकामागून एक काढून पाहू लागली. मी उभाच होतो.

"माझं कुटं गेलं?" ती म्हणाली.

मी सगळे सांगितले. पत्रक दाखवले. तिने ते वाचले. माझ्या मदतीशिवाय, न अडखळता, दोन्ही पाने. मीच आणून दिलेल्या पुस्तिकांवर ती हे वाचन शिकली होती.

"हे बंद हुतंय म्हून तुम्ही छापणाऱ्याला इचारलासा?"

"नाही."

"मग कुणाला इचारलासा?"

काय लिहिले होते, एवढेच मी विचारले. तिने एक पान माझ्यापुढे धरले. राणी खिडकीत उभी होती. "हितं लिवलो होतो, अव्वा आली आणि मुक्काम न करता गेली. पयल्या वर्साला." अव्वा म्हणजे तिची आई, ती १९८३च्याच उन्हाळ्यात वारली होती. "बाकीचं मलाबी समदं आठवत न्हाय आता. म्हून तर लिवलो होतो."

पुन्हा लिही, मी म्हणालो. नवी पेन्सिल पुढे केली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मूर्ख वाक्य.

"पुन्यांदा लिवायला तवाची ती नवी सून कुटनं आणू?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला उठली.

त्याच रात्री मी प्रकाशकाला कार्ड लिहिले. उत्तर आले: छपाईयंत्र नादुरुस्त झाल्याने दोन अंक लांबले, प्रकाशन बंद करण्याचा विचार कधीही नव्हता, मागील अंक कार्यालयात छापील किमतीस मिळतील. ते कार्ड माझ्याजवळ आहे. मी ते खिशात घालून रद्दीवाल्याकडे गेलो.

"बंद पडल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला? मला संपादकानं सांगितलं की."

संपादकाच्या घरी गेलो. तो पाटावर बसून स्टेन्सिल कापत होता. सूत्र कोण, असे विचारले. हसून म्हणाला, "सायेब, सूत्र सांगितल्यावर ते सूत्र ऱ्हातंय व्हय?"

"मी कोर्टात काम करतो. न्यायालयीन वर्तुळातले कोण, ते मला कळलेच पाहिजे."

तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले. "अवो, तुम्हीच की! तुम्ही दुकानात बोललासा न्हवं, बंद पडलं म्हून? दुकानदार त्याच दिवशी मला येऊन बोलला."

तिथून घरापर्यंत मी चालत आलो. कुठल्या रस्त्याने, ते आठवत नाही. माझा प्रश्न एका माणसाने उचलला, दुसऱ्याने त्याला उत्तराचे कपडे घातले, आणि मी वर्गणी भरून तो विकत घेतला. बातमीबाबतचा माझा दोष मी त्याच दिवशी मान्य केला आणि आजही करतो.

परंतु पेन्सिलीविषयी मी काहीही बोललो नव्हतो. रद्दीवाल्याने मरणापूर्वी दोनदा, साक्षीदारांसमक्ष सांगितले की तोही बोलला नव्हता. मुंबईचा संग्राहक अस्तित्वातच नव्हता, म्हणजे ती अट त्याचीही नव्हे. मग ते वाक्य आले कोठून? पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा उरली म्हणून भरले? खरे वाटावे म्हणून घातले? काहीतरी कारण असेलच, आणि ते एकाच माणसाला ठाऊक आहे.

आज तोच माणूस शहरातला ज्येष्ठ संग्राहक म्हणून ओळखला जातो. प्रदर्शनांची फीत कापतो, तरुणांना अस्सल प्रत कशी ओळखावी ते सांगतो. मी त्याला तीन रजिस्टर पत्रे पाठवली. तिन्ही पोचपावत्या त्याच्या सहीनिशी माझ्याकडे आहेत. उत्तर एकही नाही. खासगी पत्राचे उत्तर न देण्याचा त्याला अधिकार आहे, हे मी जाणतो. म्हणूनच हे जाहीर लिहीत आहे.

माझी मागणी पैशाची नाही आणि क्षमेचीही नाही. त्या सोमवारच्या पत्रकातली दुसरी सूचना कोणी, कशाच्या आधारे लिहिली, याचे उत्तर त्याने स्वतःच्या सहीने स्थानिक वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात छापावे. उत्तर मराठीत असावे आणि सोप्या शब्दांत असावे. मी ते माझ्या पत्नीला वाचून दाखवणार नाही. ती स्वतः वाचेल.