सकाळी ओलं, दुपारी कोरडं

माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. माणसांवर नाही, यंत्रांवर तर त्याहून नाही. प्रोग्राम लिहिण्याच्या धंद्यात मी बहुधा त्यामुळेच टिकले. शहरातली नोकरी सोडून सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा पहिलं काम मिळालं भातगिरणीचं: धानात ओलावा किती, हे सांगणारा डबा. मूठभर दाणे टाकायचे, की आकडा दिसतो. आकडा जास्त आला तर पोती परत. डब्यातला प्रोग्राम माझा होता आणि ही गोष्ट बाबांनी गावभर सांगितली, नको तितकी.

गेल्या हंगामात, दिवाळीनंतर लवकर येणारं हलकं धान गिरणीवर जायला लागलं आणि कुजबुज सुरू झाली. शेजारच्या काकांची पोती सकाळी ओली ठरून परत आली. त्याच दिवशी दुपारी बाबांची पोती पास झाली. दोघांची शेतं बांधाला बांध लागून, धान वाळलेलं एकाच उन्हात. गिरणीवाल्याला विचारलं तर तो हसला. "दव पडते न बाई, सकाळी पोता वलाच राह्यते."

दवाचं हे कारण गिरणीवरच्या सगळ्यांना इतकं झटकन पटलं, की मला तिथेच शंका आली. दव लागतं ते पोत्याला. आतल्या दाण्यापर्यंत ते कसं पोचेल?

गावाला मात्र दवापेक्षा माझाच संशय जास्त. डब्यात मी काहीतरी घालून ठेवलंय, घरच्यांचं धान बरोबर ओळखतो तो, असं नळावर बायका बोलायच्या आणि मी दिसले की भांडी विसळायला लागायच्या. मग उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची मळणी आली. आमच्याकडे मळणीला घराघरातून माणूस येतो. आज आमच्या खळ्यावर, उद्या तुमच्या. या वेळी आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. आई, बाबा आणि मी, तिघंच राबत होतो. काका समोरून सायकलवर गेले ते मान वळवून. बाबा खाली बघून पेंढ्या झोडपत राहिले. माझं मात्र डोकं फिरलं. चाळीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येकाच्या खळ्यावर घाम गाळला, त्याच्यावर माझ्या डब्यामुळे ही वेळ यावी!

डबा घरी आणला. लॅपटॉपवर तोच प्रोग्राम बरोबर उत्तर द्यायचा, डब्यात चुकायचा, आणि तोही फक्त गारव्यात. थंडी असली की ओलाव्याच्या आकड्यातून थोडं वजा करायचं असतं. डबा ते वजा न करता मिळवत होता. माझी प्रत्येक ओळ मी उलटसुलट तपासली. वजाचं चिन्ह जागेवर होतं. मग ते खात होतं कोण?

राहिला फक्त कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवणारा प्रोग्राम. त्याच्यावर संशय घेणं आमच्या धंद्यात उर्मटपणाचं समजतात. तरी तो बनवणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर मी तक्रार टाकली. "नवशिके नेहमी कंपायलरलाच दोष देतात," एकाने लिहिलं. दुसऱ्याने मला एक प्राथमिक धडा वाचायला सांगितला. तिसऱ्याने 'आमची चूक नाही' असा शेरा मारून तक्रार बंदच केली. हे लोक कोड उघडून तरी बघतात का, याचा मला दाट संशय आहे.

आई अहेरीकडची. तिच्या माहेरची माणसं बाजारात चारोळी एका व्यापाऱ्याकडे तोलतात, आणि न विकता तीच पिशवी दुसऱ्याच्या काट्यावर नेतात. भावाचं बोलणं त्यानंतर. मीही तेच केलं. त्याच ओळी दुसऱ्या कंपायलरला दिल्या. त्याने वजाचं चिन्ह नीट ठेवलं. डब्यात बसवण्यासाठी पहिल्याला प्रोग्राम वेगवान करायला सांगितलं की तो घाईत ते गिळायचा. मी सगळा पसारा काढून प्रोग्राम चारपाच ओळींवर आणला आणि दोघांची उत्तरं शेजारी शेजारी मांडली. कुठल्याशा लांबच्या देशातून उत्तर आलं, "माझ्याकडेही असंच होतंय." मग तक्रार बंद करणाऱ्यानेच ती पुन्हा उघडली आणि लिहिलं, "चूक आमची आहे." मी टुणकन उडी मारली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं विंचू चावला.

डबा दुरुस्त करून मी तडक काकांच्या खळ्यावर गेले आणि चारचौघांसमोर सगळं समजावून सांगितलं.

"हे समदं ठीक हाय," काका म्हणाले. "पर तुया बाप बराबर दुपारीच काऊन गेलता? त्याले कोणं सांगतलं?"

घरी येईपर्यंत तो प्रश्न मलाच पोखरायला लागला. बाबा अंगणात बैलांना पाणी दाखवत होते.

"बाबा, तुमी त्या दिवशी दुपारी काऊन गेलते?"

त्यांनी बादली खाली ठेवली.

"मी बी सकाळीच गेलतो. सगळ्यायच्या आंधी. गिरणीवर हमालाशिवाय कोणी नवतं. डब्यानं वला दाखवला. धान तं कडक वाळला होता. मले वाटलं, तुयाच हातानं काई चुकलं असन. लोकायसमोर तुयं नाव कायले खराब कराचं? पोते गुपचूप वापस आणलो. दुपारी पुन्हा नेलो, तं पास झाले."

"मले तरी सांगाचं होतं."

"तू रागावली असती."

मी रागावलेच होते, आणि डोळेही भरून आले होते. जगातले सगळे शहाणे मला चूक ठरवत होते, तेव्हा बाबांचंही तेच मत होतं. आणि ते झाकण्यासाठी ते गावाचे बोल खात, खळ्यावर मुकाट्याने राबले होते.

"मंग काकाले काय सांगू?" मी विचारलं.

"खरं हाय ते सांग," बाबा म्हणाले. "की बापाचाच पोरीवर भरोसा नवता."

ते सांगायला मी अजून काकांकडे गेलेले नाही.