एका तारेवरची पेटी

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला म्हणून उठायचो.

नांदेडला माझा छोटा स्टुडिओ होता. जळकोटकडच्या एका भजनी मंडळानं श्रावणासाठी महादेवाची भजनं माझ्याकडे रेकॉर्ड केली. पेटी वाजवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. मंडळ त्यांनीच उभं केलेलं. मिक्सिंगला बसलो तर पेटी आणि गायकाचा गळा मध्यभागी एकमेकांवर चढत होते. पेटी थोडी डावीकडे सरकवली असती तरी भागलं असतं. पण हेडफोन नवा होता. पेटी पार डाव्या कानात नेली, टाळ उजव्या. गळा आणि पखवाज मध्ये, दोन्ही कानांत. कानाला लई गोड लागलं. शेवटी सगळं एकाच स्पीकरवर ऐकून पाहायची माझी सवय होती. त्या दिवशी तेवढं केलं नाही.

देवळावरच्या भोंग्याला बहुतेक एकाच बाजूची तार जोडलेली असते, हे मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे उजवी जोडलेली होती. श्रावणी सोमवारी गावभर टाळ वाजले, पेटी नाहीच.

मंडळाचे प्रमुख दोघांना घेऊन आले. त्यांतले एक पेटीवाले बाप्पू.

"साहेब, पेटी कुठं गेली हो?" प्रमुखांनी विचारलं.

दुसरा हसला. "गाव इचारून राहिलंय, बाप्पू पेटी वाजवत होते का नुसता भाता हलवत होते?"

मला तिथंच कळलं. तरी तोंडातून निघालं, "हात हलका पडला त्यांचा. वय झालंय."

पेटीवाले बोटं मिटून बसले.

पुढच्या श्रावणात मंडळानं कीबोर्डवाला आणला. मला बसवेना. हेडफोन कानाला लावायचो, लगेच काढायचो. एका सकाळी एसटीनं त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"माझ्यापायी तुमच्या कामाला नावं ठेवली लोकांनी," तेच म्हणाले. "बोटं पहिल्यावाणी न्हाई राहिली, साहेब."

मी कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "गाडी चुकेल," म्हणून उठलो. नंतर ते गेल्याचंच कळलं.

बाप्पू, तुमची बोटं ठीक होती. पेटी मी घालवली आणि खोटं बोललो. मला माफ करा.