ॲम्प्लिफायरच्या मागची लेबलं

मंडळी, सायबर कॅफेतून घाईत लिहिते आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज सकाळी सुरतच्या पांडेसऱ्यात आमच्या गणेश मंडळाच्या कार्यक्रमात माझी मैत्रीण सुनंदा गिटार वाजवणार होती. तिचा ॲम्प्लिफायर मंडपातल्या मिक्सरला जोडायचा होता. मिक्सर शेजारच्या मंडळाकडून मागून आणलेला. साउंडवाले भिकाभाऊ वायर थेट ॲम्प्लिफायरच्या मागे 'स्पीकर' लिहिलेल्या जागी घालायला निघाले.

मी ओरडलेच, "थांबा! तिथला जोर मिक्सरला झेपणार नाही, जळेल तो!"

माझे बाबा मिलमध्ये वायरमन. वायर जोडण्याआधी तिथे लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं आणि मग बटण चालू आहे का ते बघायचं, हे त्यांनी मला शाळेच्याही आधी शिकवलं. मी मागचं एकेक लेबल वाचू लागले.

"ताई, पोथी वाची राहिनी का?" भिकाभाऊ हसले. पण मिक्सरला झेपेल असा हलका सिग्नल देणारी 'लाइन आउट'ची जागा सापडल्यावर त्यांनी वायर तिथे लावली.

सुनंदानं तार छेडली. आवाजच नाही! मीच काही बिघडवलं का?

भिकाभाऊंनी वाकून ॲम्प्लिफायरच्या पुढचं बटण दाबलं. तो बंदच होता.

"मागचं समदं वाचलं, आता पुढचं बी वाचत जा, ताई!"

सगळा मंडप हसला, मीही हसले, आणि गिटार खणखणीत वाजली.

घरच्या शिकवणीतलं अर्धंच लक्षात ठेवणारं तुमच्यात आणखी कोण आहे?